आहेरातला शर्टपीस आणि आमची टेप

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, रेडिओ ऐकायला हात रिकामे लागत नाहीत. आज आम्ही बोलणार आहोत पुरुषांच्या शर्टाविषयी. आता म्हणाल, बायकांच्या कार्यक्रमात गड्यांचा शर्ट कशाला? तर मला सांगा, उसाच्या बांधणीला, कापूस वेचायला, खुरपायला जाताना आपल्या साडीवर काय असतं? धन्याचा नाहीतर दिराचा जुना शर्ट. बाह्या लांब, खांदे उतरलेले, वरची दोन बटणं गेलेली. पाचट लागू नये, ऊन लागू नये म्हणून आपण तो घालतो. धुतो आपण, बटण लावतो आपण, इस्त्री आपण करतो, जुना झाला की अंगातही आपणच घालतो. फक्त शिवत नव्हतो आपण.

आमचा गट आम्हाला धरून ११ जणींचा. बी.ए. झाल्यावर लग्न होऊन इथं आलो आणि वहीचं काम आमच्या गळ्यात पडलं, ते आजतागायत. गटातल्या सहा जणींनी आरसेटीचं महिन्याभराचं शिवण प्रशिक्षण घेतलं. सगळ्या ब्लाउज शिकून आल्या, फॉल-पिको शिकून आल्या. पण गावात आधीच आठ-नऊ जणी ब्लाउज शिवणाऱ्या. घरटी मशीन झाली म्हणा ना. एकीनं साध्या ब्लाउजचे ८० सांगितले की दुसरी ७० सांगायची. दिवाळी आणि लग्नसराई सोडली तर मशीनवर कापड कमी आणि धूळ जास्त.

त्याच सुमाराला गावातल्या शिंपीकाकांनी दुकान बंद केलं. चाळीसेक वर्षं त्यांनी गावाचे शर्ट-पँट शिवले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण पूर्वीसारखी सुई ओवता येईना. मुलगा पुण्याला कंपनीत. मग गावातले पुरुष तालुक्याला जायला लागले, नाहीतर तयार शर्ट घ्यायला लागले. तयार शर्ट वाईट असतो असं आम्ही म्हणत नाही. पण ज्याचं पोट मोठं त्याला पोटाला बसेल तो शर्ट खांद्याला लोंबतो, आणि ज्याचे हात लांब त्याची मनगटं उघडी राहतात. कारखान्यात माप ३८, ४०, ४२ असं ठरलेलं. आपल्या गावातली माणसं त्या आकड्यांना विचारून थोडीच वाढलीत!

खरी गंमत मात्र आमच्या ट्रंकेत होती. एका मीटिंगला कोषाध्यक्ष ताई बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या ट्रंकेत आहेराचे शर्टपीस किती आहेत माहितीय? सतरा." मग दुसरी म्हणाली आमच्यात नऊ, तिसरी म्हणाली मोजले नाहीत पण पेटीचं झाकण लागत नाही. सख्यांनो, लग्नात, वास्तुशांतीला, बारशाला आपण पुरुषांना काय देतो? टॉवेल-टोपी नाहीतर शर्टपीस. तो पीस शिवला जात नाही, तो फिरतो. मेहुण्याकडून साडूकडे, साडूकडून व्याह्याकडे. आमच्या एकीला तर तिनंच तीन वर्षांपूर्वी दिलेला पीस परत आहेरात आला, वरच्या प्लॅस्टिकला तिच्याच हातचा हळदीचा डाग. शिलाई ३५०-४०० आणि वर तालुक्याच्या दोन खेपा, म्हणून कोणी शिवत नाही. गावातच कमी पैशात चांगला शिवून मिळाला तर? तिथून आमचं काम सुरू झालं.

पहिली अडचण मापाची. कापायला-शिवायला शिकता येतं. पण माप घ्यायचं म्हणजे परपुरुषाच्या गळ्याला टेप लावायची, छातीभोवती हात न्यायचा. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "असली शिवणकामं आमच्या घरात नकोत." पुरुष शिंपी वर्षानुवर्षं बायकांच्या ब्लाउजचं माप घेतात, त्यावर कोणी सासूबाई बोलल्याचं आम्ही ऐकलं नाही. पण वाद घालून धंदा होत नसतो, आम्ही वाटा काढल्या. एक म्हणजे, ज्याला जो शर्ट नीट बसतो तो नमुना म्हणून आणायचा. दुसरी, माप फक्त रविवारी सकाळी, ग्रामसंघाच्या ऑफिसच्या ओसरीवर, सगळ्यांसमोर. दोघी बसणार, एक टेप धरणार, एक लिहिणार. बरोबर बायको, आई, मुलगा कोणी आलं तर टेपचं एक टोक त्यांच्या हातात. पहिल्या रविवारी तीन गडी आले, आणि सगळ्यात जास्त लाजले तेच. एकजण छाती मोजताना श्वास धरून इतका फुगला, की त्या मापानं शिवलं असतं तर आत अजून एक माणूस मावला असता.

शिंपीकाकांना आम्ही बोलावून आणलं. त्यांना वाटलं थट्टा करतायत. पण कात्री हातात दिल्यावर ते बसले, आणि पुढं दोन महिने रोज दुपारी आले. ते सांगायचे, टेप लावायच्या आधी माणसाला दारातून चालत येताना बघा. पोती उचलून उचलून हमालाचा एक खांदा खाली आलेला असतो. दोन्ही खांदे सारखे कापले तर त्या बाजूला काखेजवळ चुणी पडणारच. म्हातारा माणूस पुढं वाकलेला असतो, त्याची पाठ लांब आणि पोटाकडची बाजू आखूड होते. त्याला सरळ माणसाचा शर्ट घातला की मागून वर चढतो, पुढून लोंबतो. तो बिचारा दिवसभर शर्ट खाली ओढत बसतो आणि आपण म्हणतो आजोबांना सवयच आहे. सवय नाही ती, कापण्यातली चूक आहे. त्यांना मागं पाऊण-एक इंच वाढवून द्यायचं, पुढं तेवढं कमी करायचं. हे आरसेटीच्या वहीत नव्हतं.

मापाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण हा भाग चुकला की पुढचं सगळं वाया. खांदा म्हणजे एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत, पाठीमागून. शिवण बरोबर हाडावर यायला हवी. ती दंडावर उतरली की शर्ट उसना वाटतो. गळ्याला टेप लावताना आत एक बोट ठेवायचं. छाती भरपूर मोजायची आणि त्यावर चार इंच ढिलाई धरायची, जाड माणसाला थोडी जास्त. जवान पोरं म्हणतात फिटिंग पाहिजे, त्यांना दोन-तीन इंचांवर आणा, पण बसून दाखवायला सांगा. बसल्यावर पोटावरची बटणं तोंड उघडत असतील तर ते फिटिंग नव्हे. बाही खांद्याच्या हाडापासून मनगटाच्या हाडापर्यंत, हात कोपरात किंचित वाकवून. आणि ही आमची स्वतःची भर: माणसाला मोटारसायकलचं हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढं करायला लावायचे. सरळ उभं असताना बरोबर वाटणारी बाही तेव्हा दोन इंच मागं पळते. गावातला माणूस शर्ट घालून आरशासमोर किती वेळ असतो आणि गाडीवर किती वेळ, तुम्हीच सांगा. म्हणून बाहीला अर्धा इंच जास्त आणि पाठीवर वरच्या जोडाखाली दोन चुण्या, म्हणजे हात पुढं गेले तरी पाठ ताणत नाही.

उंचीचं दोन तऱ्हेनं बघायचं. पँटीत खोचायचा शर्ट लांब लागतो आणि त्याचा खालचा घेर गोल कापतात, बाजूला वर, पुढं-मागं खाली. दोन्ही हात वर केल्यावर तो बाहेर यायला नको. बाहेर ठेवायचा तो बुशशर्ट. तो आखूड, खाली सरळ, बाजूला छोटा चिरा. लांब गोल शर्ट बाहेर सोडून फिरणारे पुष्कळ दिसतात. चालतं हो, कोणी दंड करत नाही. पण मुलगा मुलाखतीला निघाला असेल तर हे त्याला सांगा.

पीस हातात आला की गिऱ्हाइकासमोरच कापड मोजा आणि चिठ्ठीवर लिहा. ५८ इंच पन्ह्याचं असेल तर पूर्ण बाहीला एक मीटर ६० सेंटीमीटर लागतं. ३६ पन्ह्याला सव्वादोन मीटर, उंचापुऱ्या माणसाला अडीच. आहेराचा पीस पुष्कळदा दहा-वीस सेंटीमीटर कमी भरतो, देणाऱ्यानं मोजलेला नसतो ना. तेव्हाच सांगायचं, अर्ध्या बाहीचा होईल. नंतर सांगितलं तर कापड तुम्ही खाल्लं असा अर्थ होतो. चौकडी असेल तर जास्तच कापड लागतं, कारण पुढचे दोन्ही भाग जुळताना रेघ रेघेला मिळाली पाहिजे आणि खिसाही रेघेवर बसला पाहिजे. खिसा नीट जुळला असेल तर तो लांबून दिसतच नाही. आमच्या मशीनवर बसणारी धाकटी सांगते, "खिसा दिसला नाही म्हणजे जमला."

आता कॉलर. शर्टाचं सगळं नाक कॉलरीत असतं. ती दोन भागांची: गळ्याभोवती उभी राहते ती पट्टी आणि त्यावरून खाली दुमडतं ते पान. दोन्हींत बकरम. पानाचं वरचं कापड खालच्यापेक्षा सूतभर मोठं कापायचं, म्हणजे टोकं वर वळत नाहीत, खाली बसतात. पहिल्या महिन्यात आमच्या सगळ्या कॉलरी कुत्र्याच्या कानासारख्या वर व्हायच्या, तेव्हा काकांनी हे सूत शिकवलं. टोकं उलटून काढताना कात्रीचं टोक खुपसायचं नाही, बोथट काडी घ्यायची. चेहरा गोल आणि मान आखूड असेल तर पट्टी कमी उंचीची, टोकं जरा लांब. मान उंच आणि बारीक असेल तर पट्टी उंच, पान फाकलेलं. टोकांना बारीक बटणं लावतात ती बटनडाऊन कॉलर पोरांना आवडते. नुसती उभी पट्टी, पान नाही, तिला आपल्याकडं चायनीज कॉलर म्हणतात. उन्हाळ्यात ती बरी, घाम कमी येतो. कफ मनगटापेक्षा दोन-अडीच इंच मोठा, घड्याळ घालणाऱ्याला डावीकडं अजून थोडा सैल. बटणं पुरुषांच्या शर्टाला उजव्या बाजूला, काजं डाव्या. बायकांच्या शर्टाला उलट. ब्लाउजची सवय लागलेल्या आमच्या एकीनं पहिल्या पाच शर्टांना उलटी पट्टी लावली होती. घालणाऱ्यांना बटण लावता येईना, आणि का लावता येत नाही तेही कळेना.

कॉलरीची एक गोष्ट आम्हाला वाचनात मिळाली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय नावाचं शहर आहे. तिथं हॅना माँटेग्यू नावाची बाई राहायची. गोष्ट १८२७ ची सांगतात. नवऱ्याचा शर्ट बाकी स्वच्छ आणि मळलेली फक्त कॉलर, तरी रोज पूर्ण शर्ट धुवायचा, याला ती वैतागली. तिनं कॉलर कापून वेगळी केली, तेवढीच धुतली आणि परत लावली. त्यातून सुट्या कॉलरी निघाल्या, त्यांचे कारखाने निघाले, शहराला लोक कॉलर सिटी म्हणायला लागले. पुढं त्या कॉलरी धुऊन, खळ घालून, इस्त्री करणाऱ्या शेकडो बायका तिथं उकळत्या पाण्याशी आणि तापलेल्या इस्त्र्यांशी दिवसभर राबायच्या. १८६४ मध्ये केट मुलानी या जेमतेम विशीतल्या कामगार मुलीच्या पुढाकारानं त्यांनी संघटना काढली, संप केला आणि मजुरी वाढवून घेतली. केटचं घर आता तिथं राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलंय. आम्ही हे मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तेव्हा अध्यक्ष ताई म्हणाल्या, "कॉलर घासून घासून हाताची सालं जातात ते तिकडंही होतं म्हणायचं."

पहिले तीन महिने छान गेले. पूर्ण बाही २५० रुपये, अर्धी २२०. आहेराचे पीस येत राहिले. हे पीस बहुतेक टेरिकॉटचे, त्यातलं सूत थोडं आणि पॉलिस्टर जास्त. ते धुतलं तरी आटत नाही. त्यामुळं आमची सवय अशी झाली की कापड आलं, इस्त्री फिरवली, खडूनं आखलं, कापलं. पुढची फजिती या सवयीतून झाली.

ज्येष्ठात भजनी मंडळाची ऑर्डर आली. आषाढीच्या दिंडीला जायचं होतं, २२ जणांना पांढरे नेहरू शर्ट. गळ्याला पट्टी, पुढं तीन गुंड्या, डोक्यातून घालायचा, दोन्ही बाजूंना खिसे. कापड सुती, ३६ पन्ह्याचं, माणशी अडीच मीटर, म्हणजे ५५ मीटर. ९० रुपये मीटरनं ४,९५० रुपयांचं कापड मंडळानं वर्गणी काढून घेतलं होतं. एवढी मोठी ऑर्डर आम्हाला पहिलीच. आमची कापणारी ताई म्हणाली, "सुती आहे, रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापूया." तिचं बरोबर होतं. पण तारीख जवळ, आभाळ भरून आलेलं, ५५ मीटर कापड वाळत घालायचं कुठं? आम्ही म्हटलं, राहू दे, एवढं काही आटत नाही, काप.

हे "आम्ही" म्हणजे गट नव्हे बरं का. हे आम्ही एकटे. समन्वयाचं काम आमचं, तारीख आम्ही दिलेली, तिला घाई आम्ही केली.

शर्ट वेळेत गेले. दिंडी निघाली तेव्हा २२ पांढरे शर्ट, २२ टोप्या, पुढं वीणा. आम्ही सगळ्या वेशीपर्यंत गेलो, फोटो काढले. वाटेत पाऊस लागला. शर्ट भिजले, वाळले, परत भिजले. आषाढी झाली, माणसं परत आली. कोणी काही बोललं नाही. दोन दिवसांनी विणेकरी आजोबा ओसरीवर आले, पिशवीतून धुतलेला शर्ट काढून समोर ठेवला आणि म्हणाले, "पोरींनो, तुमचं काम चांगलं आहे. पण हे आता नातवाला होईल." बाह्या सव्वा इंच वर गेल्या होत्या, उंची दोन इंच कमी झाली होती, गळ्याची गुंडी लागत नव्हती. आजोबा वारीभर गळ्याची गुंडी उघडी ठेवून हिंडले होते. आतली माया आम्ही अर्ध्या इंचाची ठेवली होती, सोडायला काही नव्हतंच. बकरमसुद्धा न भिजवता लावलेलं, ते आत आटून गोळा झालं होतं.

बुधवारच्या मीटिंगला सगळ्यांच्या नजरा कापणाऱ्या ताईकडं. मंडळाचं कापड भरून द्यायचं हे कोणी नाकारलं नाही. पण कोणी भरायचं? एक सदस्य, आमच्यातली चांगली खमकी, म्हणाली, "कापलं तिनं, भरायचं आम्ही का? माझ्या घरातून मी मशीनला पाय लावला नाही या ऑर्डरला." कापणारी ताई खाली मान घालून म्हणाली, "कोंबड्या विकते, पण भरते." ती एकदाही म्हणाली नाही की भिजवायला मी सांगितलं होतं. आणि आम्ही इतिवृत्त लिहीत बसलो. खाली बघून, अक्षर चांगलं काढत.

ही गोष्ट सांगावी की नाही याचा आम्ही पुष्कळ विचार केला. रेडिओ सगळे ऐकतात, आमचं माहेर ऐकतं. पण शर्ट कसा शिवायचा एवढंच सांगून हे गाळलं तर ते अर्धंच सांगणं होईल.

आठ दिवस झोप नव्हती. पुढच्या बुधवारी सुरुवातीलाच बोललो: भिजवू नको असं आम्ही सांगितलं होतं, तिची चूक नाही, पैसे आम्ही भरणार. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ती खमकी म्हणाली, "मग मागच्या बुधवारी तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?" याला उत्तर नव्हतं, आजही नाही. वयानं मोठ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, एकटीनं भरायचं नाही. एकीवर टाकलं तर उद्या कोणी कात्री हातात धरणार नाही आणि कोणी ऑर्डर आणणार नाही. ४,९५० भागिले ११, प्रत्येकी ४५०. नवीन कापड आणायचं, शिलाई फुकट. सगळ्यांनी सह्या केल्या. खमकीनंही केली. चारशे पन्नास रुपये सतरंजीवर ठेवले, दुसऱ्या गटात जाते म्हणाली आणि उठून गेली. वाट्याचा हिशोब मावशींनी योग्य केला असं आम्हाला वाटतं. पण ती जे बोलली ते खोटं नव्हतं.

नवीन ५५ मीटर शाळेच्या पटांगणात दोऱ्या बांधून वाळवलं. कोरं सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवायचं, पिळायचं नाही, नुसतं निथळून ताणून वाळत घालायचं, थोडं ओलसर असतानाच इस्त्री करायची. शिवून लावायचं बकरमही भिजवायचं. इस्त्रीनं चिकटवायचं फ्यूजिंग मात्र भिजवायचं नाही. आता आमच्या चिठ्ठीवर "भिजवलं" असा रकाना आहे आणि त्यात कापणाऱ्या ताईची सही लागते. तिची सही नसेल तर आम्हीसुद्धा कापायला सांगू शकत नाही. हा नियम तिनं मागितला नव्हता, आम्ही केला. भजनी मंडळानं पुढच्या वर्षी ऑर्डर परत दिली. आटलेले शर्ट त्यांनी खरोखरच नातवंडांना दिले. शाळेच्या दिंडीत ती पोरं तेच घालून नाचली. ते बघताना आमची मान जरा खालीच होती.

शर्ट घालायच्या रीतीबद्दलही बायका विचारतात, मुलाची मुलाखत आहे, भरती आहे, मुलगी बघायला जायचंय, काय घालायला सांगू? आम्ही काही मोठ्या शहरातले नाही, पण बघून बघून कळतं. फिकट, एका रंगाचा नाहीतर बारीक रेघेचा शर्ट, पूर्ण बाही, कफाचं बटण लावलेलं. पांढऱ्याखाली पांढरं बनियन, रंगीत किंवा अक्षरं छापलेलं नको, ते वर दिसतं. वरचं एक बटण टाय नसेल तर उघडं, दोन नकोत. खिशात पेन चालेल. चार्जर, चिठ्ठ्या, सुपारी नको, खिसा लोंबतो आणि त्या बाजूचा खांदा खाली दिसतो. आणि महागाचाच शर्ट पाहिजे असं काही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नीटनेटक्या कोटात का वावरायचे हे ज्यांना फाटकं आणि उतरवलेलंच घालायला लावलं गेलं त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याकडं एक आई मुलाचा शर्ट शिवायला घेऊन आली होती, स्वतःच्या पदराला ठिगळ. पैसे तिनं खुरपणीच्या मजुरीतून आणलेले. तिचं माप काही कोणी घेतलं नाही. हे त्या दिवशी आमच्या डोक्यात बसलं ते गेलं नाही.

कॉलर विरली म्हणून शर्ट टाकू नका. कॉलरीचं पान पट्टीतून उसवा, उलटं करून परत बसवा. विरलेली बाजू खाली जाते, नवीन बाजू वर येते. शिंपीकाकांच्या तरुणपणी हे नेहमीचं काम होतं. आम्ही ४० रुपये घेतो, पण घरी मशीन असेल तर तासाभराचं काम आहे. कफालाही तसंच.

गेल्या हिवाळ्यापासून आम्ही नवीन एक शर्ट शिवायला घेतलाय, बायकांचा शेतातला. धन्याचा जुना नव्हे, स्वतःच्या मापाचा. माप साडी-ब्लाउजवरून घ्यायचं, छातीला सहा इंच ढिलाई, कमरेखाली दोन्ही बाजूंना चिरे म्हणजे निऱ्या दबत नाहीत. बाही मनगटापर्यंत, कफाऐवजी नाडी, म्हणजे पाचट आत शिरत नाही. कॉलर उभी, मानेवर ऊन लागू नये म्हणून. कापड जुनं सुती चालतं. आणि खिसे दोन, एकाला झाकण, त्यात मोबाइल. आपल्या ब्लाउजला आयुष्यभर खिसा नव्हता, पैसे कुठं ठेवायचो ते आपल्याला माहितीय. बटणं कोणत्या बाजूला, यावर मीटिंगमध्ये अर्धा तास गेला. शेवटी पुरुषांसारखी उजवीकडंच ठेवली, कारण इतकी वर्षं धन्याचे शर्ट घालून आपल्या हाताला तीच सवय झालीय.

परवा गट सोडून गेलेल्या त्या खमकीची जाऊ आली होती. दोन जुने शर्ट मापाला घेऊन. एक तिचा स्वतःचा. दुसऱ्याच्या डाव्या कोपराला निळं ठिगळ होतं, ते ठिगळ आम्ही ओळखतो, आमच्याच मशीनवर लागलं होतं. कोणाचा आहे हे जावेनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. चिठ्ठी लिहिली. कापड सुती होतं, तिनं घरून भिजवूनच आणलं होतं. तरी ताईनं पाण्याचा शिपका मारून बघितलं आणि मगच सही केली.

माप रविवारीच, सकाळी नऊ ते बारा, ओसरीवर. येताना कापड आणि नीट बसणारा एक जुना शर्ट घेऊन या. शेतातला शर्ट हवा असेल तर रोज नेसता तशीच साडी नेसून या, इस्त्रीची नको.